सस्पेंडमधून उठल्यावर सेन्सर मुका होतो, डिले किती वाढवू?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. आधी मला जे कळलं ते माझ्या शब्दात मांडतो, काही चुकलं तर सांग. द्राक्षबागेसाठी लॉगर केलायस, एआरएमचा छोटा बोर्ड, त्यावर लिनक्स, पानावरचा ओलावा मोजणारी चिप आय-टू-सी बसवर (चिपशी बोलायचा दोन तारांचा रस्ता) आणि तिची अलर्टची, म्हणजे ओलाव्यानं मर्यादा ओलांडली की इशारा देणारी, एक लाइन जीपीआयओला (बोर्डाची साधी सिग्नलची पिन). बॅटरी टिकावी म्हणून बोर्ड दर दहा मिनिटाला झोपतो आणि आरटीसीच्या, म्हणजे बोर्डावरच्या घड्याळाच्या, अलार्मवर उठतो. चिपचा ड्रायव्हर तूच लिहिलायस, सस्पेंडमधे, म्हणजे बोर्ड झोपताना, चिपला स्लीप मोडला टाकतोस, रिझ्यूममधे, म्हणजे उठताना, परत चालू करतोस, एवढंच. टेबलावर सगळं नीट चालतं, पण रानात ठेवलं की पंधरा-वीस झोपांत एकदा लॉगमधे "ट्रान्सफर व्हाइल सस्पेंडेड" येतं, उणे १०८ चा एरर येतो आणि तिथून पुढं सेन्सर तोच आकडा देत बसतो, मॉड्यूल काढून परत घालेपर्यंत. मग तू इंटरप्टच्या (अलर्ट आला की कर्नलला मिळणारी हाक) थ्रेडेड हँडलरात (त्या हाकेवर स्वतंत्र थ्रेडमधे चालणारं फंक्शन) सुरुवातीलाच २०० मिलिसेकंदाचा एमस्लीप, म्हणजे नुसतं थांबणं, टाकलास, त्यानं प्रमाण कमी झालं पण गेलं नाही, आणि आता विचारतोयस की ३०० करू का ५००. सोबत कोडचा थोडा भाग आणि बोर्डाचा फोटोही दिलायस.

तू वयानं लहान दिसतोस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. मी इथं सांगलीत बरीच वर्षं नवे बोर्ड पहिल्यांदा चालू करणं आणि ड्रायव्हर लिहिणं हेच काम करतोय आणि बागेतले लॉगर मी स्वतः लावलेत, त्यामुळं हे दुखणं माझ्या ओळखीचं आहे. उत्तर असं की ३०० पण नको आणि ५०० पण नको, तो एमस्लीप काढूनच टाक. प्रश्न वेळेचा नाहीच, प्रश्न हा आहे की बस झोपलेली असताना तुझ्या चिपला हात कोण लावतंय.

पहिल्यांदा तो १०८ काय सांगतो ते बघ. हा एरर तुझ्या चिपकडून आलेला नाही. चिपनं उत्तर दिलं नसतं तर वेगळा नंबर आला असता. १०८ म्हणजे ई-शटडाउन, आणि तो कर्नलमधल्या (लिनक्सचा गाभा) आय-टू-सीच्या कोअरनंच, म्हणजे सगळ्या बससाठीच्या सामाईक कोडनं, दिलाय, कारण बसच्या कंट्रोलर ड्रायव्हरनं "मी आता झोपलोय" अशी खूण करून ठेवली होती आणि त्यानंतर कुणीतरी ट्रान्सफर मागितली. म्हणजे तारेवर एक बिटसुद्धा गेला नाही. आणि एक महत्त्वाचं, ती ट्रान्सफर व्हाइल सस्पेंडेडची ओळ कोअर एका अडॅप्टरसाठी एकदाच छापतं, पुढच्या वेळी नुसता एरर परत करतं. त्यामुळं त्या ओळी मोजून "आता कमी झालं" असं ठरवत असशील तर ते चुकीचं मोजमाप आहे. तुझ्या स्वतःच्या हँडलरात एरर आला की छाप आणि ते मोज.

आता क्रम. हे समजलं की निम्मं काम झालं. आपल्याकडं साखर कारखान्याचा हंगाम कसा सुरू होतो ते तू बघितलं असशीलच. आधी बॉयलरचं अग्निप्रदीपन, मग काही दिवसांनी गव्हाणीत उसाची मोळी टाकायची. हंगाम संपताना उलटं, आधी गव्हाणीत ऊस पडायचा थांबतो, मग मिल रिकामी होते, मग पुढचा रस संपतो, आणि बॉयलर सगळ्यात शेवटी. मिल फिरत असताना कुणी बॉयलर विझवत नाही आणि वाफ नसताना कुणी मोळी टाकत नाही. कर्नल अगदी हेच करतो. डिव्हाइसची वंशावळ असते, आय-टू-सी कंट्रोलर हा बाप, तुझी चिप हे पोर. झोपताना पोर आधी, बाप नंतर. उठताना बाप आधी, पोर नंतर. एवढा भाग पीएम कोअर (कर्नलचा पॉवर मॅनेजमेंटचा भाग) तुझ्यासाठी करून देतो, तुला काही करावं लागत नाही.

मग घोळ कुठं होतो? तर तुझ्या ड्रायव्हरात शिरायच्या वाटा अनेक असतात आणि कोअर फक्त एका वाटेला क्रम लावतो, ती म्हणजे सस्पेंड आणि रिझ्यूमच्या कॉलबॅकची (कर्नल वेळेवर बोलावतो ती तुझी फंक्शनं). इंटरप्ट ही वेगळी वाट, वर्कक्यू (नंतर करायच्या कामांची रांग) वेगळी, टायमर वेगळा. तुझा सस्पेंड कॉलबॅक शून्य परत देऊन बाहेर पडला याचा अर्थ तू कोअरला वचन दिलंस, की आता माझ्या बाजूनं या हार्डवेअरला कुणी हात लावणार नाही. तुझ्या कोडमधे चिपला झोपवलंय, पण वाटा उघड्याच ठेवल्यात. मी दुसऱ्याचा ड्रायव्हर बघायला घेतो तेव्हा पहिल्यांदा हेच शोधतो, रजिस्टर काय लिहिलंय ते नंतर.

टप्पे एकदा सांगतो. सस्पेंड सुरू झाला की आधी युजरस्पेसची सगळी प्रोसेस गोठवली जाते. कर्नलचे थ्रेड मात्र आपोआप गोठत नाहीत, ज्यांनी स्वतःला फ्रीझेबल म्हणवून घेतलंय तेवढेच. इंटरप्टचा थ्रेड गोठत नाही, हे लक्षात ठेव. मग प्रिपेअर, मग सगळ्या डिव्हाइसचे सस्पेंड, मग सगळ्यांचे सस्पेंड लेट, मग कर्नल डिव्हाइसचे इंटरप्ट बंद करतो, आणि मग सस्पेंड नो-आयआरक्यू. त्यानंतर बाकीचे सीपीयू उतरतात आणि बोर्ड झोपतो. उठताना उलटं, रिझ्यूम नो-आयआरक्यू, मग इंटरप्ट परत चालू, मग रिझ्यूम अर्ली, मग रिझ्यूम, शेवटी कम्प्लीट.

आता नीट बघ. उठताना इंटरप्ट कधी चालू झाले? रिझ्यूमच्या बरेच आधी. तुझ्या बसचा कंट्रोलर जर साध्या रिझ्यूम टप्प्यात उठत असेल, तर इंटरप्ट चालू होणं आणि बस उठणं यात एक फट आहे. झोपेत असताना अलर्टची कड (लाइन खाली-वर होण्याचा क्षण) आली असेल तर ती पेंडिंग म्हणून नोंदलेली असते आणि इंटरप्ट चालू झाल्या झाल्या तुझा हँडलर पळतो, बस अजून झोपलेली, उणे १०८. झोपतानाही तशीच फट आहे, बसचा सस्पेंड झाला पण इंटरप्ट अजून बंद व्हायचेत, तेवढ्यात अलर्ट आला की तेच. म्हणजे दोन फटी, एक जाताना एक येताना.

आणि म्हणूनच टेबलावर कधी होत नाही. टेबलावर सेन्सर कोरडा पडलेला असतो, अलर्टची मर्यादा ओलांडायचा प्रश्नच येत नाही. बागेत पहाटे दव धरायला लागलं की ओलावा मर्यादेच्या वर-खाली होत राहतो, अलर्ट वारंवार येतात आणि त्यातला एखादा बरोबर फटीत सापडतो.

तुझ्या एमस्लीपनं काय केलं तेही यातून कळेल. येतानाच्या फटीत हँडलर २०० मिलिसेकंद थांबला, तोवर बहुतेक वेळा बस उठली, म्हणून प्रमाण कमी झालं. पण मधेच दुसऱ्या कुठल्या ड्रायव्हरनं रिझ्यूमला जास्त वेळ लावला की २०० पुरत नाहीत, आणि ३०० किंवा ५०० केलेस तरी एखाद्या दिवशी पुरणार नाहीत. उलट जातानाच्या फटीत तू परिस्थिती बिघडवलीस. अलर्ट बस जागी असतानाच आला होता, लगेच वाचला असता तर काम झालं असतं, पण हँडलर २०० मिलिसेकंद झोपला आणि तेवढ्यात बस गेली. डिले वाढवशील तेवढी ही बाजू वाईट होत जाणार. कर्नल इंटरप्ट बंद करताना चालू असलेला हँडलर संपायची वाट बघतो हे खरं, पण ते बस झोपल्यानंतर, त्याचा तुला उपयोग नाही.

आता दुसरं कोडं, एकदा चुकलं की सेन्सर कायमचा मुका का होतो. तू ट्रिगर कुठला घेतलायस ते लिहिलं नाहीस, पण लक्षणावरून माझी जवळजवळ खात्री आहे की पडत्या कडेचा, म्हणजे फॉलिंग एज. अशा बऱ्याच चिपमधे अलर्टची लाइन खाली जाते आणि स्टेटस रजिस्टर वाचेपर्यंत खालीच राहते. तुझा हँडलर आला, वाचायला गेला, १०८ मिळाला, परत गेला. स्टेटस वाचलाच नाही म्हणून लाइन खालीच. आता लाइन आधीच खाली असताना नवीन पडती कड येणार कुठून? चिप ओरडतीय, पण कर्नलला ऐकू येत नाही. मॉड्यूल परत घातलंस की प्रोब (ड्रायव्हरची सुरुवातीची जुळणी) होतो, स्टेटस वाचला जातो, लाइन वर जाते आणि सगळं सुरळीत. आणखी एक शक्यता आहे, डीप स्लीपमधे काही एसओसीमधे (बोर्डाची मुख्य चिप) जीपीआयओचा तो ब्लॉकच बंद होतो, मग झोपेत आलेली कड नोंदलीच जात नाही, आणि परिणाम तोच. लेव्हल ट्रिगर असता तर लक्षण वेगळं दिसलं असतं, लाइन खाली आहे तोवर हँडलर परत परत पळाला असता, आणि एररवर तू आयआरक्यू नन परत देत असशील तर कर्नलनं काही वेळानं "नोबडी केअर्ड" म्हणत ती लाइनच बंद करून टाकली असती.

हे मी एवढं लांबण लावून सांगतोय कारण माझ्या हातून हेच झालंय. तासगावच्या बाजूला एका बागेत लॉगर होता, फळछाटणीनंतरचे दिवस, वेल फुलोऱ्यावर. लॉगर रोज नेमानं उठायचा, डेटा पाठवायचा, वेळ बरोबर, बॅटरी बरोबर. फक्त पानाच्या ओलाव्याचा आकडा सहा रात्री एकच होता आणि तो कोरड्याचा होता. बागायतदारानं त्या आकड्यावर विसंबून डावणी रोगाचं औषध मारायचं लांबवलं. पहाटे बागेत गेले तर पानावर दव साचलेलं आणि मोबाइलवर कोरडं. नुकसान थोडक्यात निभावलं, पण त्या माणसाच्या चेहऱ्याकडं बघून मला फार वाईट वाटलं होतं. बंद पडलेलं मशीन निदान बंद आहे हे कळतं, खोटा आकडा देणारं मशीन जास्त वाईट. म्हणून तुला पहिली विनंती, हँडलरात किंवा वाचनात एरर आला तर जुना आकडा पुढं पाठवू नकोस, एरर वर जाऊ दे.

आता दुरुस्ती. मी सस्पेंडमधे काय क्रम ठेवतो ते सांगतो.

सगळ्यात आधी डिसेबल आयआरक्यू. हे फंक्शन चालू असलेला हँडलर, थ्रेडेडसुद्धा, संपेपर्यंत थांबतं, म्हणजे ते परत आलं की खात्री असते की हँडलर आत नाही. पण त्यामुळंच एक खबरदारी, हँडलर जो म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप) घेतो तो हातात धरून हे बोलवायचं नाही, नाहीतर तू हँडलरची वाट बघणार आणि हँडलर तुझ्या म्युटेक्सची, बोर्ड तिथंच लटकणार. मग वर्क. तुझ्या कोडमधे डिलेड वर्क असेल तर कॅन्सल डिलेड वर्क सिंक. क्रम असाच ठेव, आधी इंटरप्ट मग वर्क, कारण हँडलर वर्क रांगेत टाकत असेल तर उलट्या क्रमात तू रद्द केल्यावर तो परत टाकेल. साधी सिस्टीम वर्कक्यू गोठत नाही, त्यामुळं "सस्पेंडमधे वर्क चालणारच नाही" असं धरून चालू नको. फ्रीझेबल वर्कक्यू वापरलीस तर ती गोठते, पण मी तरी हातानं रद्द करणंच पसंत करतो, वाचणाऱ्याला कोडमधे दिसतं.

दोन्ही वाटा बंद झाल्या की मग चिपला स्लीप मोड लिही. रेगमॅप (चिपच्या रजिस्टरांची प्रत कर्नलात सांभाळणारी सोय) वापरत असशील, वापरच, तर त्याचा कॅश-ओन्ली चालू कर, आणि चिपची वीज काढणार असशील तर कॅश डर्टी म्हणून खूण कर. मग हवं तर रेग्युलेटर, म्हणजे चिपचा वीजपुरवठा, बंद.

यात एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. चिपला स्लीप मोड लिहिताना एरर आला आणि तू तो परत दिलास, तर अख्ख्या सिस्टीमचा सस्पेंड रद्द होतो आणि तोवर झोपलेल्या डिव्हाइसना उठवलं जातं, पण तुझ्या डिव्हाइसचा रिझ्यूम बोलवला जात नाही, कारण कोअरच्या मते तू झोपलाच नाहीस. म्हणजे एररच्या वाटेवर तूच इंटरप्ट परत चालू करायचा, वर्क परत रांगेत टाकायचं, सगळं जसं होतं तसं. नाही केलंस तर परत सेन्सर मुका, आणि या वेळी लॉगमधे काही सापडणारही नाही. एक सेन्सर झोपत नाही म्हणून सगळा बोर्ड जागा ठेवायचा का, हे मात्र परिस्थितीवर आहे. बॅटरीवरच्या लॉगरात मी एरर छापतो आणि तरीही शून्य परत देतो, कारण चिपचे काही मायक्रोअँपिअर वाचवायला अख्खा बोर्ड रात्रभर जागा राहिला तर सकाळी बॅटरीच नाही. तुझ्या चिपच्या जागी डीएमए करणारं, म्हणजे थेट मेमरीत लिहिणारं, काही असतं तर मी असं अजिबात केलं नसतं.

रिझ्यूममधे उलटा क्रम. रेग्युलेटर चालू, मग डेटाशीटमधे पॉवर-ऑनचा जो वेळ दिलाय तेवढं थांबणं. हा एकच डिले खरा, कारण त्याला डेटाशीटचा आधार आहे. मग कॅश-ओन्ली बंद, रेगकॅश सिंक, म्हणजे सगळी कॉन्फिगरेशन परत चिपमधे जाते, वीज गेली असेल तर चिप कोरी असते हे धरूनच चालायचं. मग स्टेटस रजिस्टर एकदा वाचून टाकायचा, अलर्ट आला असो वा नसो. झोपेत लाइन खाली गेली असेल तर ती इथं मोकळी होते, आणि वाचलेल्या स्टेटसमधे अलर्टचा बिट दिसला तर तो प्रसंग तिथंच हाताळायचा, टाकून द्यायचा नाही. त्यानंतर एनेबल आयआरक्यू, आणि शेवटी वर्क. आणि ट्रिगर लेव्हल-लो कर, वन-शॉटसकट (हँडलर संपेपर्यंत लाइन बंद ठेवणारा फ्लॅग), डिव्हाइस ट्रीमधेही (बोर्डावर काय कुठं जोडलंय त्याचं वर्णन) आणि रिक्वेस्ट करताना पण. तुझा जीपीआयओ कंट्रोलर लेव्हल ट्रिगर घेत नसेल, काही जुने घेत नाहीत, तर एज ठेव पण मग रिझ्यूममधलं ते स्टेटस वाचणं इंटरप्ट चालू केल्यानंतर पण एकदा कर, नाहीतर दोन्हीच्या मधे आलेली कड हुकते.

एवढ्यानं तुझा मूळ रोग जायला हवा. हँडलर बस झोपलेली असताना पळूच शकत नाही, कारण तो चालू करायची किल्ली तुझ्या रिझ्यूमच्या हातात आहे आणि तुझा रिझ्यूम बापाच्या नंतरच येतो.

आता अलर्टवरच बोर्ड उठवायचा असेल तर. तू म्हणालास की पुढं तसं करायचा विचार आहे, म्हणजे दव पडायला लागलं की लगेच जाग यावी. इथं बरंच तुझ्या एसओसीवर अवलंबून आहे. डिव्हाइस ट्रीमधे वेकअप-सोर्स लिहिलंस की आय-टू-सी कोअर तुझ्या चिपचा इंटरप्ट वेक-आयआरक्यू म्हणून लावून घेतो आणि झोपताना कोअर तो सज्ज करतो, तुला वेगळं काही बोलवावं लागत नाही. अशा वेळी चिपची वीज काढायची नाही हे उघड आहे, म्हणून सस्पेंडमधे डिव्हाइस मे वेकअप विचारून मगच रेग्युलेटर बंद करायचा. मग डिसेबल आयआरक्यू ठेवायचं का? नियमानं इंटरप्ट बंद असणं आणि त्यानं जाग येणं या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, बंद केलेला इंटरप्टसुद्धा उठवू शकला पाहिजे. पण प्रत्यक्षात काही इंटरप्ट कंट्रोलरच्या ड्रायव्हरात हे पाळलेलं नसतं, मास्क केला की जागच येत नाही. तुझ्या बोर्डावर करून बघणं हाच उपाय. जाग येत असेल तर उत्तम, वरचाच क्रम तसाच चालतो.

येत नसेल तर मी असं करतो. इंटरप्ट चालूच ठेवायचा, पण ड्रायव्हरात एक सस्पेंडेड नावाचा झेंडा ठेवायचा. हँडलर आला आणि झेंडा वर असला तर बसला हात न लावता डिसेबल आयआरक्यू नो-सिंक करायचं, "काम बाकी आहे" अशी नोंद ठेवायची आणि हँडल्ड म्हणून परत जायचं. रिझ्यूममधे बस उठल्यावर नोंद असेल तर स्टेटस वाचायचा आणि इंटरप्ट चालू करायचा. नो-सिंकच घ्यायचं, हँडलरच्या आतून साधं डिसेबल आयआरक्यू बोलवलं तर तो स्वतःचीच वाट बघत बसेल. आणि डिसेबल जितक्या वेळा तितक्याच वेळा एनेबल, कर्नल त्याची मोजणी ठेवतो.

तिसरा मार्ग म्हणजे बसचा कंट्रोलरच लेट किंवा नो-आयआरक्यू टप्प्यात झोपवायचा, म्हणजे इंटरप्ट चालू व्हायच्या वेळी बस जागी असते. बरेच आय-टू-सी कंट्रोलर ड्रायव्हर तसं करतातही. पण तो ड्रायव्हर तुझा नाही, त्यावर टचस्क्रीन, पीएमआयसी (वीज सांभाळणारी चिप) आणि काय काय लटकलेलं असतं, त्यामुळं तुझ्या एका सेन्सरसाठी तिथं हात घालू नकोस.

आणि एक चुकीचा सल्ला तुला कुणीतरी देईलच, की इंटरप्टला नो-सस्पेंडचा फ्लॅग लाव. अजिबात लावू नकोस. तो फ्लॅग म्हणजे "सस्पेंडमधे हा इंटरप्ट बंद करू नका" एवढंच, त्यानं बोर्ड उठेलच अशी हमी नाही. तो टायमरसारख्या गोष्टींसाठी आहे. तुझ्या बाबतीत त्याचा परिणाम असा की बस मेलेली असताना हँडलर पळायची फट जास्त रुंद होणार, म्हणजे रोग वाढवणारं औषध.

रनटाइम पीएमबद्दल, म्हणजे बोर्ड जागा असताना एकेक चिप झोपवण्याबद्दल, तू विचारलं नाहीस पण कोडमधे पीएम रनटाइम एनेबल दिसतंय म्हणून सांगतो. सिस्टीम सस्पेंड येतो तेव्हा तुझी चिप जागीच असेल असं धरू नकोस, ती आधीच रनटाइम सस्पेंड झालेली असू शकते, रेग्युलेटर आधीच बंद असू शकतो. तशा अवस्थेत सस्पेंड कॉलबॅकनं स्लीप मोड लिहायला गेलास तर परत एरर, आणि आय-टू-सी म्हणून निदान एररच मिळतो, एसओसीच्या आतल्या ब्लॉकचं क्लॉक बंद असताना रजिस्टर वाचलं तर काही चिपांवर अख्खा बोर्ड गोठतो. शिवाय रेग्युलेटर दोनदा बंद करशील आणि मोजणी बिघडेल. लेट टप्प्यापासून कोअर रनटाइम पीएम बंदच ठेवतो, त्यामुळं तिथून पुढं गेट-सिंक करून उठवायचा प्रयत्नही चालत नाही.

सोपा मार्ग असा की चिपला झोपवायचं-उठवायचं खरं काम रनटाइम सस्पेंड आणि रनटाइम रिझ्यूममधेच लिही, आणि सिस्टीमच्या सस्पेंडमधून वाटा बंद करून झाल्यावर पीएम रनटाइम फोर्स सस्पेंड बोलव, उठताना आधी पीएम रनटाइम फोर्स रिझ्यूम आणि मग वाटा उघड. ते आधीची अवस्था बघून मगच काम करतं, झोपलेल्याला परत झोपवत नाही. फक्त उठतानाचं ते वर सांगितलेलं स्टेटस वाचणं आठवणीनं हाताळ, कारण चिप आधीपासून रनटाइम सस्पेंड असेल तर फोर्स रिझ्यूम तिला झोपलेलीच ठेवू शकतं. मी तिथं पीएम रनटाइमचा रिझ्यूम-अँड-गेट घेऊन (चिप जागी करून धरून ठेवणं), वाचून, मग पुट (सोडून देणं) करतो. ५.१७ पासूनच्या कर्नलात हे सगळं बांधून द्यायला नवे मॅक्रो आलेत आणि पीएम स्लीप पीटीआर आलाय, त्यामुळं कॉन्फिगमधे स्लीप बंद असताना "न वापरलेलं फंक्शन" म्हणून वॉर्निंग येत नाही, ते जुने सेट सिस्टीम स्लीपवाले मॅक्रो नव्या कोडमधे नकोत.

अजून एक शंका, तुझ्या सेन्सरची वीज जीपीआयओ एक्सपांडरवरून (जास्तीच्या पिना देणारी वेगळी चिप) येते असं फोटोत दिसतंय. तो एक्सपांडर तुझ्या चिपचा बाप नाही, शेजारी आहे, म्हणजे वंशावळीवरून क्रम लागत नाही. अशा नात्यासाठी डिव्हाइस लिंक असते, ४.१० पासून आहे, पुरवठादार कोण आणि घेणारा कोण हे कोअरला सांगायचं. नव्या कर्नलात डिव्हाइस ट्रीमधे रेग्युलेटर नीट लिहिलेला असेल तर ही लिंक आपोआप लागते. तू रेग्युलेटर न लिहिता थेट जीपीआयओ हलवत असशील तर तो आधी फिक्स्ड रेग्युलेटर म्हणून लिही, निम्मी डोकेदुखी तिथंच जाईल.

तपासणी कशी करायची. सिसएफएसच्या (/sys) पॉवर फोल्डरात पीएम टेस्ट नावाची फाइल असते, कर्नलात पीएम डीबग चालू असेल तर. तिच्यात पातळी लिहायची आणि नेहमीसारखं स्टेटमधे मेम लिहायचं, म्हणजे कर्नल तिथवर जातो, साधारण पाच सेकंद थांबतो आणि परत येतो, खरी झोप न घेता. बहुतेक जण "डिव्हाइसेस" पातळीवर चालवतात, पास झालं की खुश होतात. पण त्या पातळीला लेट आणि नो-आयआरक्यू टप्पे येतच नाहीत, म्हणजे तुझी फट तिथं नीट तपासलीच जात नाही. "प्लॅटफॉर्म" पातळी लाव. पीएम प्रिंट टाइम्समधे १ लिही म्हणजे प्रत्येक कॉलबॅक कधी आला आणि किती वेळ लागला ते लॉगमधे दिसतं, तुझ्या चिपच्या आधी बस उठली का ते डोळ्यांनी बघ. बूटला नो कन्सोल सस्पेंड दे, सिरियलवर शेवटपर्यंत छापत राहतं.

आणि अलर्ट नशिबावर सोडू नकोस, मुद्दाम आण. लाइन ओपन-ड्रेन आहे (चिप ती फक्त खाली ओढते, वर ढकलत नाही) याची डेटाशीटवरून खात्री करून घे, असेल तर जंपरनं ती ग्राउंडला लावता येते. प्लॅटफॉर्म टेस्टच्या त्या पाच सेकंदात लावून ठेव, उठू दे, मग सोड. आत्ताच्या कोडवर हे केलंस तर दोन-तीन फेऱ्यांत रोग हातात येईल, पंधरा-वीस झोपांची वाट बघावी लागणार नाही. आधी जुन्या कोडवर रोग पकड आणि मगच बदल कर, नाहीतर बरं झालं का नुसतं लपलं हे कळणार नाही. मग नवा कोड घालून हेच, आणि ते पास झालं की आरटीसीवेक (अलार्म लावून झोपवणारी कमांड) लावून खऱ्या झोपेच्या २०० फेऱ्या रात्रभर, सेन्सरवर ओलं फडकं टाकून आणि पंखा लावून, म्हणजे तो सुकत-भिजत राहील.

हे करशील तेव्हा मला तीन गोष्टी कळव. ट्रिगर नक्की कुठला होता. मेम स्लीपच्या फाइलमधे निवड कशावर आहे, एस-टू-आयडल (उथळ झोप) का डीप (खोल झोप). आणि तुझ्या बसच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर कुठल्या टप्प्यात झोपतो, साध्या, लेट का नो-आयआरक्यू. कंट्रोलर आधीच नो-आयआरक्यूत झोपत असेल तर माझं वरचं निदान निम्मं चुकीचं ठरतं आणि मग मला तुझं वर्क आणि तो एक्सपांडर आधी बघावा लागेल. सोबत सस्पेंड स्टॅट्सची फाइल आणि एका पूर्ण झोपेचा लॉग जोड, छापलेल्या वेळांसकट. ऑक्टोबरची छाटणी सुरू व्हायला अजून अवधी आहे, तोवर हे बसवून होतं.